चाकं घासणारा

हिरा मी कधी घासला नाही.
बेचाळीस वर्षं मी चाकं घासली,
नायलेन गावात आणि भोवतालच्या चार गावांत.
सायकलच्या मागे लाकडी पेटी,
पेटीत गवतात ठेवलेली बिडाची दोन चाकं,
आणि चढावर मी उतरून चालणारा.

केम्पेनची जमीन रेताड. तिच्यात राय यायची, बटाटे यायचे,
आणि परसातल्या खोल्यांत हिरे.
उत्तरेला मोठी खिडकी, खिडकीशी बाक, बाकात चाक.
ते फिरायचं मिनिटाला अडीच हजार वेळा
आणि फिरतंय हे दिसायचं नाही,
ताटात साचलेल्या तेलासारखं निवांत.
वर ऑलिव्हचं तेल खरंच असायचं,
तेलात हिऱ्याचीच भुकटी.
हिऱ्याला दुसरं कोण झिजवणार?
भाऊबंदकीच ती.

जात्याला टाकी लावतात तशी
मी चाकाला धार द्यायचो,
आधी सपाट करायचं, मग बारीक चरे,
भुकटीला बसायला जागा हवी.
मग तोल.
आसाची दोन टोकं लाकडाच्या ठोकळ्यांत,
लाकूड असलं की पाण्यात टाकलं तर बुडावं.
कडेला शिशाचा थेंब, पुन्हा फिरव, थेंब खरवड, पुन्हा.
बाकावर पाच फ्रँकचं नाणं कडेवर उभं करायचं.
नाणं उभं राहिलं तर चाक घरी जाईल.

लोक माणसाला तोंडावरून ओळखतात, मी चाकावरून.
गोमारचं बाहेरच्या कडेलाच झिजलेलं. घाई.
देल्फीनचं दोन ठिकाणी खाल्लेलं,
मधे हात न लागलेला पट्टा,
नवरा-बायको एकाच बाकावर बसत, बोलत नसत.
गोडेलीवचं मात्र असं एकसारखं
की घासायला जीव व्हायचा नाही.
तिचा उजवा अंगठा गुळगुळीत होता.
कथील-शिशाचा गोळा ज्योतीवर मऊ करून
त्यात ती खडा अंगठ्यानेच बसवायची,
फुंकरसुद्धा घालायची नाही.

एका नोव्हेंबरात तिच्या चाकावर ओरखडा आला.
नख अडकेल इतका खोल.

हिऱ्याला लाकडासारखी वीण असते.
विणीच्या उलट धरलात
तर पैलू पडत नाही, चाकच फाटतं.
पण त्याआधी आवाज बदलतो.
गोडेलीवला तो आवाज
शेजारच्या घरातूनही ऐकू यायचा,
भिंतीवर काठी आपटून ती गोमारला सांगायची,
फिरव, दगड फिरव.

मी विचारलं.
ती पदराला, म्हणजे एप्रनला, हात पुसत राहिली.
मग म्हणाली, लुडो आला होता.
मोटारीच्या कारखान्यात लागतोय म्हणाला,
बाकावर बसणार नाही म्हणाला.
त्या वेळी मी दगडाचं ऐकत नव्हते.

ओरखडा काढायचा तर चाक दोन मिलिमीटर उतरवावं लागलं असतं.
मी तिला दुसरं दिलं. पैसे जुन्याच घासाईचे घेतले.
का, ते मला आजही धड सांगता येणार नाही.

पुढे बाक उठले. काम दूर गेलं,
तिकडे यंत्रं कोन मोजतात, पैलू मोजतात,
अंगठे भाजत नाहीत म्हणे. बरंच झालं.
इथे चाकं कोंबड्यांच्या खुराड्याचं दार दाबून बसली,
एक चर्चमागे फुलझाडाच्या कुंडीखाली आहे.
ओरखड्याचं माझ्या शेडमध्ये.
तेल पुसलेलं नाही.

आणि मी? धुण्याचं यंत्र गरगरायला लागलं
की वर पाच फ्रँकचं नाणं उभं करतो.
आता त्याला दुकानात कोणी विचारत नाही.
पडतं ते, मागे घरंगळतं,
आणि बायको झाडू घेऊन वाकते,
काही न बोलता,
दर शनिवारी.